पानगळीचा रंग हवा असेल तर झाड रंगात असतानाच निवडा

'रेड मॅपल' म्हणून लावलेलं झाड दर शरदात मळकट पिवळं होऊन गळतं, खत वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच मी वर्षानुवर्षं सोसलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

खत मुळीच वाढवू नका. नत्र जास्त झालं की पानं उशिरापर्यंत हिरवी राहतात आणि रंग आणखी लांबतो. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो दिसतो. लाल रंग मात्र पानातल्या साखरेपासून शरदातच नव्याने तयार होतो. त्याला लख्ख ऊन लागतं आणि रात्री थंड पण बिनगोठणाऱ्या लागतात. त्यामुळे एखादं वर्ष फिकं जाणारच. पण इतकी वर्षं लालीचा मागमूसही नसेल, तर मला रोपाचीच शंका येते. फक्त उन्हाळ्यात पानं पिवळट आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर आधी मातीचा सामू (आम्ल-अल्कता, pH) तपासा. अल्कधर्मी मातीत रेड मॅपल आजारी पडतं.

माझ्या झाडाच्या लेबलवर 'ऑक्टोबर ग्लोरी' लिहिलं होतं. रेड मॅपलचा हा वाण कलमाने किंवा छाटाने वाढवतात, म्हणून त्याच्या लालीची खात्री देता येते. बियांपासूनचं रेड मॅपल पिवळं, नारिंगी, लाल, काहीही निघू शकतं. नर्सरीकडे तक्रार केली की दरवेळी नवं कारण: यंदा पाऊस जास्त झाला, झाड अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघा. रोप कलमी आहे की बियांचं, एवढं सरळ विचारलं, तर म्हणे 'माल बाहेरून येतो'. खोट्या लेबलचे पैसे एकवेळ सोडून देता येतात, पण झाड वाढवण्यात गेलेली वर्षं कोण भरून देणार? याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: खरेदी शरदातच करा, रंग डोळ्यांनी बघून. त्यातही सावध राहा, कुंडीत मुळं कोंडलेलं किंवा तहानलेलं रोप ताणामुळेच लवकर रंगतं. शेजारची त्याच वाणाची रोपंही बघा.

बाग लहान असेल तर मी मॅपलऐवजी अमेलँकियर हे छोटं झाड लावेन. माती आम्लधर्मी असेल तर फॉदरगिला, एकाच झुडपावर पिवळा, नारिंगी, लाल तिन्ही रंग येतात. निसा या झाडाचा लाल अप्रतिम, पण त्याला हलवलेलं सोसत नाही. लहान रोप आणून कायमच्या जागीच लावा. गिंको घ्याल तर नर झाडाचं कलमच घ्या. बियांचं रोप नर की मादी हे कळायला वीसेक वर्षं जाऊ शकतात, आणि मादीच्या बियांचा वास असह्य असतो. पंखधारी युऑनिमस हे झुडूप भडक लाल होतं, तरी मी सुचवणार नाही. पक्षी त्याच्या बिया रानात पसरवतात, आणि अमेरिकेतल्या काही राज्यांत त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, आणि तुमची माती मी पाहिलेली नाही. शिवाय शरदातल्या रात्री उबदारच राहत असतील तर अस्सल कलमही फिकं पडेल. तुमच्या झाडाचं खोड अजून बारीक असेल, तर ते काढून खात्रीचं कलम लावायचा निर्णय याच हंगामात घ्या.