फ्रिजच्या मागचा ट्रे शेवटचा कधी बघितलात? – वाचकांचे प्रश्न, मेकॅनिकची उत्तरं

दसरा-दिवाळीच्या आधी घरं काढायला घेतली की माझ्याकडे येणारे मेसेज एकदम बदलतात. एरवी 'कूलिंग होत नाही', 'ड्रम फिरत नाही' असतं, आणि या दिवसात 'फ्रिजखाली हात जात नाही', 'शेगडीखाली मेणचट थर बसलाय', 'मिक्सर उलटा करून धुतला, आता चालत नाही' सुरू होतं. मी फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर दुरुस्त करणारा माणूस, सफाईवाला नाही, पण दुरुस्तीच्या कित्येक तक्रारींचं मूळ या न दिसणाऱ्या जागेतच सापडतं आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच एकत्र उत्तरं देतोय.

नाशिकहून एक ताई : फ्रिज पुढे ओढताना टाइल्सवर ओरखडे पडतात. एकटीने कसा ओढायचा?

एकटीने ओढू नका, हे पहिलं. आधी प्लग काढा, वर ठेवलेलं सामान उतरवा, दारातल्या बाटल्या काढा. बऱ्याच फ्रिजना मागे छोटी चाकं असतात आणि पुढे स्क्रूचे पाय, ते पुढचे पाय फिरवून वर घेतले नाहीत की तेच टाइल खरवडतात आणि नाव चाकांचं होतं. खाली पुठ्ठा नाहीतर जुनी सतरंजी सरकवा आणि सरळ पुढे ओढा. कपाटासारखा एकदा डावा कोपरा एकदा उजवा कोपरा असा चालवायचा नाही, पाय तिथेच वाकतात. परत लावताना पुढची बाजू अगदी किंचित उंच राहू द्या म्हणजे दार आपोआप लागतं. फ्रिज आडवा करून खालून पुसायचा विचार तर डोक्यातूनही काढा, कॉम्प्रेसरचं ऑइल पाइपात जातं, आणि चुकून आडवा झालाच असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवा मग चालू करा. डबल डोअरचा मोठा, बर्फाच्या मशीनला पाण्याची लाइन जोडलेला फ्रिज असेल तर मात्र हात लावू नका, माणूस बोलवा.

फ्रिजखाली वर्तमानपत्र पसरलं तर साफ करणं सोपं जाईल ना?

झुरळांना सोपं जाईल. नको.

सोलापूरहून : फॉरवर्डमध्ये बघितलं की फ्रिजच्या मागची काळी जाळी महिन्याला सुरीने खरवडून काढायची म्हणजे बिल निम्मं येतं. पण आमच्या फ्रिजला मागे जाळीच नाही!

नाहीच आहे, कारण ती जाळी म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी कॉइल, आणि आता बऱ्याच फ्रिजमध्ये ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून तर फ्रिजच्या बाजू गरम लागतात आणि लोक घाबरून फोन करतात. जुन्या फ्रिजना मागे उघडी जाळी असते, तिच्यावर धूळ बसली की कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावं लागतं हे खरं, पण बिल निम्मं वगैरे होत नाही. प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उलथनं काहीही टोकदार नको. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेटणारा असतो. नळीला भोक पडलं तर गॅस जातो, दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि धोका वेगळा. काही खुपसलं गेलंच आणि सूं असा आवाज आला तर खिडक्या उघडा, आजूबाजूचं कुठलंही बटण दाबू नका, शेगडी पेटवू नका, आणि टेक्निशियनला बोलवा.

ठाण्याहून एक काकू : पालिकेची माणसं आली, टॉर्च मारून फ्रिजच्या मागे बघितलं आणि म्हणाली ट्रेमध्ये अळ्या आहेत. आमच्याकडे रोज लादी पुसली जाते हो, लाज वाटली. हा ट्रे असतो कशाला? शेजारी म्हणतात चमचाभर रॉकेल टाका, चालेल का?

काकू, लाज वाटून घेऊ नका, पण रॉकेल अजिबात टाकू नका. आणि हा प्रश्न आलाच आहे तर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण याच्यावर मी दर पावसाळ्यात घरोघरी बोलतो आणि लोक 'हो हो' म्हणून फ्रिज परत भिंतीला चिकटवून टाकतात.

फ्रिजच्या आत जो बर्फ धरतो तो वितळला की त्याचं पाणी एका भोकातून, नळीतून मागे उतरतं आणि तळाशी कॉम्प्रेसरच्या वर बसवलेल्या ट्रेमध्ये पडतं. कॉम्प्रेसर गरम असतो, त्या उबेने पाणी उडून जावं अशी ती रचना. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये हे आपोआप होत राहतं, बटण दाबून डिफ्रॉस्ट करायच्या सिंगल डोअरमध्ये आपण बटण दाबतो तेव्हा. उन्हाळ्यात ट्रे कोरडाच दिसतो. पावसाळ्यात हवा दमट, दार उघडलं की तीच हवा आत, म्हणून पाणी जास्त पडतं आणि उडतं कमी, आणि मग ते साचतं. स्वच्छ, थांबलेलं, अंधारातलं, ऊबदार पाणी. डेंग्यूच्या एडिस डासाला याच्यापेक्षा चांगलं काय हवंय? तो गटारात अंडी घालत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात घालतो, म्हणून तुमची लादी कितीही चकचकीत असली तरी त्याचा काही संबंध नाही.

आता लोक काय करतात, ट्रे ओढून पाणी बेसिनमध्ये ओततात आणि तसाच परत लावतात. त्याने काम होत नाही, कारण या डासाची अंडी पाण्यात तरंगत नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ट्रेच्या कडेला चिकटलेली असतात, बारीक काळे ठिपके, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी आलं की अळी बाहेर. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा, असं सांगतात. त्या दिवशी पिंप, कुंडीखालची बशी सगळं होतं, हा ट्रे मात्र कुणाच्या यादीतच नसतो. तेव्हा ट्रे भांड्याच्या साबणाने घासणीने कडेकडेने घासायचा, धुवायचा, पुसून कोरडा करून लावायचा.

रॉकेलचं सांगतो. डबक्यात तेल टाकलं की पाण्यावर तवंग येतो आणि अळ्यांना श्वास घेता येत नाही, ही जुनी पद्धत खरी आहे, पण ती उघड्या डबक्यासाठी. इथे ट्रेच्या खाली गरम कॉम्प्रेसर आहे, शेजारी कॉम्प्रेसर चालू करणारा रिले आहे, त्यात ठिणगी पडू शकते. तिथे रॉकेल? स्वयंपाकघरात? ज्यांनी हे सांगितलं त्यांच्या घरी आधी करून बघायला सांगा. फिनाइल, अॅसिड हेही नको, वासही राहतो आणि तांब्याच्या नळ्याही खराब होतात.

दुसरी गोष्ट चाकरमान्यांसाठी. गणपतीला गावाला जाताना लोक फ्रिज बंद करून, दार लावून, चावी शेजारी देऊन जातात. बर्फ सगळा वितळतो, पाणी सगळं ट्रेमध्ये, आणि कॉम्प्रेसर बंद म्हणजे ऊब नाही, पाणी उडणार कसं! दहा-बारा दिवसांनी परत येतात तर घरात डास, आणि म्हणतात बाल्कनीतून आले. फ्रिज बंद करायचा असेल तर आदल्या दिवशी करा, आतून पुसा, दार थोडं उघडं ठेवा, आणि निघताना ट्रे रिकामा करून कोरडा करा. एवढं करायला वेळ नसेल तर फ्रिज चालू ठेवून जा.

ट्रे काढायचा कसा ते मॉडेलवर आहे. काहींचा क्लिपवर असतो, प्लग काढून हळूच ओढला की येतो, काहींचा कॉम्प्रेसरवर स्क्रूने बसवलेला असतो आणि वर जाळीचं किंवा पुठ्ठ्याचं पॅनल असतं, तो ओढाताण करून काढलात तर नळी तुटेल. पुढच्या वेळी मेकॅनिक कुठल्याही कामाला आला की त्याला म्हणा ट्रे कुठे आहे ते दाखव आणि माझ्यासमोर काढून लाव. मोबाइलमध्ये व्हिडिओ करून ठेवा. आणि फ्रिज भिंतीपासून जरा पुढे ठेवा, हात आणि टॉर्च जाईल एवढी जागा असू द्या.

ट्रे रोजच काठोकाठ भरत असेल तर ते सफाईचं काम नाही, दाराचं रबर ढिलं असू शकतं, ते दाखवा. पाणी भाजीच्या ट्रेखाली साचत असेल तर भोक चोक झालंय. पाणी लादीवर येत असेल तर ट्रेला चीर किंवा नळी सुटलेली. तिन्हीला माणूस बोलवा, उद्यावर टाकू नका. आणि घरात कुणाला ताप असेल तर मला फोन करू नका, डॉक्टरकडे जा, ताप अंगावर काढू नका.

पिंपरीहून : वॉशिंग मशीन किचनमध्ये आहे, खालची सफाई सोपी व्हावी म्हणून चाकांचा स्टँड घ्यावा का? दुकानदार म्हणतो कंपनीचाच आहे.

फ्रंट लोड असेल तर नको. स्पिनमध्ये ते मशीन चाकांवर चालत चालत दारापर्यंत येतं, पाइप ताणतो आणि बेअरिंगवर लोड येतो. स्टँडवर कंपनीचं स्टिकर असलं म्हणजे तो कंपनीचा होत नाही, बिलावर काय लिहिलंय ते बघा. टॉप लोडला मात्र उंदीर खालून शिरतात आणि वायरी कुरतडतात, त्यासाठी खालची जाळी शाबूत आहे का ते तपासून घ्या. फ्रंट लोडच्या पुढे खाली एक छोटं झाकण असतं, त्यात फिल्टर असतो, नाणी, पिना, केस सगळं तिथे अडकतं, तो उघडताना आधी प्लग काढा आणि खाली पसरट ताट ठेवा नाहीतर साफ करायला गेलात आणि किचनभर पाणी अशी गत होईल.

मिक्सरच्या खाली चटणी जाऊन घट्ट झालीय, नळाखाली धरू का?

नाही! जारमधलं सांडलेलं कपलरवरून, म्हणजे जार जिथे अडकतो त्या फिरत्या भागावरून, आत जातं आणि खालच्या भोकांतून बाहेर येतं, म्हणजे मोटर आत ओली होतेच आहे, वरून नळाखाली कशाला? प्लग काढून उलटा करा, ओलं पिळलेलं फडकं आणि जुना टूथब्रश. खाली एक लाल बटण दिसेल, मिक्सर अचानक बंद पडला तर थोडं थांबून तेच दाबायचं असतं, त्यासाठी मला व्हिजिट चार्ज देऊ नका. दाबूनही परत परत उडत असेल तर दाखवा.

कोल्हापूरहून एक दादा : काचेच्या शेगडीखाली फार ओशट झालंय. आणि परवा दोघं जण आले, गॅस कंपनीचे म्हणाले, पाइप बदलून जास्तीचे पैसे घेऊन गेले.

ओळखपत्र बघितलंत का? पावती? तीच युक्ती सगळीकडे चालते, 'पाइप फुटेल, आजच बदला' म्हणून घाबरवायचं. पाइप बदलायला तुमच्या एजन्सीलाच फोन करायचा. नारिंगी सुरक्षा पाइपवर आयएसआयचा शिक्का आणि तारीख असते, 5 वर्षं झाली की बदलायचा, मग दिसायला कितीही नवा असो. शेगडी उचलून पुसाल तेव्हा पाइपच्या दोन्ही टोकांशी चीर आहे का, उंदराचे दात आहेत का ते बघाच, आणि त्याआधी रेग्युलेटर बंद. काच गरम असताना ओलं फडकं लावू नका. बर्नर धुतले तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. धुऊनही ज्योत पिवळीच येत असेल तर खालच्या नळीत कोळ्याचं जाळं नाहीतर झुरळ असतं, पण जेटमध्ये, म्हणजे गॅस येतो त्या बारीक भोकात, सुई घालून ते मोठं करू नका, शेगडी दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या. वास आला तर शोधत बसू नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत ओट्याखाली साठतो, म्हणून दिवा-पंखा काहीही चालू-बंद न करता खिडकी-दार उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि 1906 ला फोन करा.

इंडक्शन आणि मायक्रोवेव्हच्या आत झुरळं दिसतात. खालून स्प्रे मारला तर? कुणी डांबर गोळ्या ठेवायलाही सांगितलंय.

स्प्रेचा गॅस पेटू शकतो आणि स्प्रे सर्किटवरही बसतो, तेव्हा नाही. जेल मिळतं, त्याचे ठिपके ओट्याच्या कडेला लावा, मशीनच्या आत नाही, आणि मुलांचा हात पोचेल तिथेही नाही. इंडक्शनच्या खाली पंखा हवा ओढतो, तिथे प्लास्टिक नाहीतर पेपर अंथरलात तर आत तापून बंद पडणार. मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो, जिवावर बेतू शकतं. आणि डांबर गोळ्या ठेवायचा सल्ला ज्याने दिला त्याला सांगा की तो वास पिठाला लागतो.

वॉशिंग मशीनखालचे डाग जात नाहीत, अॅसिड आणि ब्लीच एकत्र केलं तर जातील म्हणतात.

डाग राहू द्या. त्या मिश्रणातून क्लोरिन गॅस निघतो आणि मशीनखाली वाकलेला माणूस तोंड तिथेच घेऊन बसलेला असतो. एका वेळी एकच, तेही खिडकी उघडून.

डीप क्लीनिंगवाले येतात ते हे सगळं करतात का?

बुक करायच्या आधी लेखी विचारा : फ्रिज ओढणार का, ट्रे काढणार का, शेगडी उचलणार का. बरेचदा 'किचन' म्हणजे ट्रॉल्या आणि टाइल्स. हो म्हणाले तरी मशीनवर थेट पाणी आणि फोम मारू देऊ नका.

मी फोटो पाठवते, बघून सांगाल का काय बिघाड आहे?

फोटोत धूळ दिसते, बिघाड नाही. जवळचा मेकॅनिक बोलवा, आणि तो यायच्या आधी फ्रिजवरचे डबे, फुलदाणी, स्टॅबिलायझर आणि औषधांचा खोका उतरवून ठेवा, अर्धा वेळ आमचा त्यातच जातो.