नवी गोळी आणि पहिले काही आठवडे

मधुमेहाच्या औषधांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एक सूचना आधी. बहुतेक पत्रांत गोळीचं कंपनीचं नाव असतं, पण आतल्या औषधाचं नसतं. एकाच नावाच्या पुढे ‘एम’, ‘जी’, ‘व्ही’, ‘फोर्ट’ लागलं की आतलं औषध आणि प्रमाण बदलतं. त्यामुळे पाकिटामागं बारीक अक्षरांत छापलेली नावं आणि मिलिग्रॅमचे आकडे उतरवून पाठवा. दवाखान्यात जाताना तर पाकिटंच सोबत न्या.

प्रश्न : एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 8.4 आली म्हणून मेटफॉर्मिन 500 दिवसातून दोनदा सुरू केली. सकाळची गोळी चहाबरोबर घेते, रात्रीची जेवणाआधी. चौथ्या दिवसापासून जुलाब, मळमळ आणि तोंडाला लोखंडासारखी चव. शेजारीण म्हणते, गोळी गरम पडली. बंद करू का? (गृहिणी, वय 48, औसा)

उत्तर : गरम-थंडाचा इथे संबंध नाही. मेटफॉर्मिनचं काही काम आतड्यातही चालतं. रिकाम्या पोटी घेतली की आतड्यात तिचं प्रमाण एकदम वाढतं आणि पोट ढवळतं. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. गोळी भाकरी-भाजी खाता खाता किंवा हात धुतल्यावर लगेच घ्यायची.

डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचारा. पहिली, आठवडाभर रात्रीच्या जेवणानंतर एकच 500 ची गोळी घेऊन, पोट स्थिरावलं की सकाळची जोडली तर चालेल का? डोस असा हळूहळू चढवला तर बहुतेकांचा त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. दुसरी, साधी गोळी असेल तर एसआर म्हणजे सावकाश विरघळणारी मिळेल का? एसआर गोळी मोडू, कुटू किंवा चावू नये. तसं केलं तर सगळं औषध एकदम सुटतं आणि एसआर घेण्याचा उपयोगच राहत नाही. काही वेळा शौचात गोळीचं मऊ टरफल दिसतं. औषध आत उतरलेलं असतं, उरतो तो फक्त सांगाडा. घाबरून दुसरी गोळी घेऊ नका.

थांबायचं कधी, हेही स्पष्ट असू द्या. दिवसभर उलट्या होत असतील, पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर मेटफॉर्मिन त्या दिवसापुरती थांबवून डॉक्टरांना कळवा. अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडाचं काम मंदावतं, मेटफॉर्मिन साचते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. असं क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. अशा वेळी जलसंजीवनी घ्यायला कचरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनलेल्या पुडीत लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. तेवढ्या साखरेपेक्षा पाणी कमी होणं जास्त धोक्याचं. फळांच्या चवीची डबाबंद पेयं मात्र जलसंजीवनी समजून पिऊ नका.

आणखी एक गोष्ट पुढच्या काही वर्षांसाठी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. माळकरी घरांत आहारातूनही ते कमीच मिळतं. पायाला मुंग्या आल्या की सगळे शुगरवर बोट ठेवतात, पण कारण बी12 ची कमतरताही असू शकते. ती तपासून घ्या.

प्रश्न : सकाळी सहाला ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घेऊन रानात जातो. न्याहारी दहाला येते. नऊच्या सुमारास हात थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. ऊन लागतं की अशक्तपणा? (शेतकरी, वय 53, माजलगाव तालुका)

उत्तर : तुमच्या वर्णनावरून आधी संशय घ्यायचा तो शुगर उतरल्याचा. नुसती मेटफॉर्मिन शुगर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेते. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. तुम्ही सहाला गोळी घेता आणि चार तास उपाशीपोटी मेहनत करता. ही वेळच चुकीची आहे. गोळी दिवसाच्या पहिल्या पोटभर खाण्याबरोबर घ्यायची. म्हणजे एक तर घरून भाकरी खाऊन निघा, नाही तर गोळी खिशात न्या आणि न्याहारीबरोबर घ्या. ज्या वेळचं जेवण चुकणार, त्या वेळची ही गोळी घेऊ नका.

थरथर सुरू झाली की काम थांबवून सावलीत बसा. मीटर असेल तर तपासा, नसेल तर वाट पाहत बसू नका. तीन सपाट चमचे साखर म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून प्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुगर 70 च्या खाली असेल किंवा लक्षणं तशीच असतील तर तेवढीच साखर पुन्हा. बरं वाटलं की अर्धी-एक भाकरी खा, कारण साखरेचा परिणाम लवकर ओसरतो आणि गोळी दिवसभर काम करत राहते. शेंगदाण्याची चिक्की किंवा चॉकलेट या वेळी कामाचं नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

पाकिटावर वोग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल तर साखर किंवा गूळ नव्हे, मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडर हवी. ही औषधं आतड्यात साखरेचं विघटन लांबवतात, त्यामुळे घरची साखर वेळेवर लागू पडत नाही. तीन औषधांच्या एकत्रित गोळ्यांत वोग्लिबोज बऱ्याचदा असतं आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

सोबतच्या माणसाला हे सांगून ठेवा : शुद्ध हरपली तर तोंडात पाणी, साखर, काहीही घालायचं नाही. श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा. ग्लिमेपिराइडमुळे शुगर उतरून माणूस बेशुद्ध झाला असेल तर शुद्धीवर आल्यावरही त्याला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवावं लागतं, कारण शुगर काही तासांनी पुन्हा घसरू शकते.

मीटरबद्दल दोन शब्द. गूळ किंवा ऊस खाल्लेल्या हाताच्या बोटातून रक्त घेतलं तर आकडा फुगतो. हात धुऊन, कोरडे करून मगच टोचा. स्ट्रिपची डबी गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, वैशाखातल्या उन्हात त्या बिघडतात. आणि ज्यांची शुगर कित्येक महिने 300 च्या घरात होती, त्यांना ती 130 वर आली तरी सुरुवातीला थरथर जाणवते. हा खरा धोका नसतो, पण मीटरशिवाय फरक कळत नाही. म्हणून औषध नवं असताना घरी मीटर असावंच.

अशा घटना कधी कधी झाल्या ते वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करावा लागेल, कदाचित औषधच बदलावं लागेल.

प्रश्न : डापाग्लिफ्लोझिन 10 सुरू केल्यापासून लघवी जास्त होते आणि नाजूक जागी खाज सुटते. लघवीच्या तपासणीत साखर ‘तीन प्लस’ आली. औषध लागू पडत नाही का? (शिक्षिका, वय 45, परभणी)

उत्तर : लागू पडतंय म्हणूनच लघवीत साखर दिसते. हे औषध मूत्रपिंडावाटे साखर बाहेर टाकतं. ते चालू असेपर्यंत लघवीतली साखर पाहून काही ठरवता येत नाही, रक्तच तपासा.

त्याच साखरेवर बुरशी वाढते, म्हणून खाज. लघवीनंतर साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करा, सुती कपडे वापरा. बुरशीवरच्या मलमानं किंवा गोळीनं हे बहुधा लवकर आटोक्यात येतं, पण ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेडिकलवाल्यानं काउंटरवरून दिलेल्या ‘थ्री-इन-वन’ मलमात स्टेरॉइड असतं. चार दिवस आराम पडतो आणि बुरशी पसरते. शाळेत स्वच्छतागृहाची सोय धड नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, हे तर मुळीच नको. पाणी कमी पडलं की उठताना चक्कर येते, विशेषतः रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर.

या औषधाबाबत एक गोष्ट तरुण डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं ही लक्षणं असतील तर मीटरवर 180 दिसलं तरी ‘शुगर ठीक आहे’ म्हणून परत येऊ नका. कीटोनची, म्हणजे चरबी जळताना रक्तात तयार होणाऱ्या आम्लांची, तपासणी मागा. या औषधावर शुगर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. नाजूक जागी सूज, लाली, तीव्र वेदना आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे औषध साधारण तीन दिवस आधी बंद करतात.

नुसत्या खाजेपायी मात्र ते सोडू नका. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्याचा स्वतंत्र फायदा आहे.

प्रश्न : नवरात्राचे नऊ दिवस उपवास आणि कोजागिरीला चालत तुळजापूर. यंदा गोळ्या सुरू आहेत. जमेल का? (वय 56, लातूर)

उत्तर : महिनाभर आधी डॉक्टरांना विचारलंत तर मार्ग निघू शकतो. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही. ग्लिमेपिराइडचा डोस कमी किंवा बंद करावा लागतो, डापाग्लिफ्लोझिन बहुधा उपवासापुरतं थांबवतात, मेटफॉर्मिन फराळानंतर चालू राहू शकते. निर्जळी उपवास करू नका. साबुदाणा, बटाटा आणि भगर यांनी शुगर चढते, म्हणून ताक, दही, शेंगदाणे, काकडी यांचं प्रमाण वाढवा. दिवसातून दोन-तीनदा तपासा. 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली तर त्या दिवशी उपवास सोडायचा.

अनवाणी चालू नका. तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. मुक्कामाला तळवे रोज आरशात पाहा.

प्रश्न : गोळ्यांनी किडनी जाते म्हणून वडील औषध टाळतात. खरं काय? (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : मूत्रपिंड बिघडवते ती वर्षानुवर्षं चढलेली शुगर आणि रक्तदाब. मेटफॉर्मिन मूत्रपिंडाला इजा करत नाही. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर ती शरीरात साचते, म्हणून ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा आकडा) 45 च्या खाली गेल्यास डोस निम्मा करतात आणि 30 च्या खाली गेल्यास ती बंद करतात. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र मूत्रपिंडाला खरोखर घातक ठरू शकतात. वडील त्या घेत असतील तर दवाखान्यात गेल्यावर आधी तेच सांगा.