ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकू नका

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. संडासाच्या भांड्यावर बसलेला पिवळा थर निघावा म्हणून कामाच्या मावशींनी टॉयलेट क्लीनर ओतला आणि त्यावरच दोन मुठी ब्लीचिंग पावडर टाकली. लगेच उग्र वास सुटला, त्यांना खोकल्याची उबळ आली, डोळे चुरचुरू लागले. दोन्ही वस्तू तर नेहमीच्याच वापरातल्या. मग असं का झालं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तो क्लोरीन वायू होता. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दुकानात सुटं मिळणारं ‘ॲसिड’ही तेच, फक्त बरंच जहाल. ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन हायपोक्लोराइटच्या रूपात बांधलेला असतो. आम्लाचा स्पर्श झाला की तो वायू होऊन सुटतो आणि डोळे, नाक, घसा जिथे ओलसर तिथे विरघळून पुन्हा आम्ल तयार करतो. चुरचुरतं ते म्हणून.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. तो वर जात नाही, फरशीलगत साचतो. देशी पद्धतीचं भांडं उकिडवं बसून घासताना तोंड नेमकं त्याच थरात असतं, आणि आपले संडास जेमतेम चार फुटांचे, दार बहुधा लोटलेलं. तोंडाला ओला रुमाल किंवा साधा मास्क बांधून हा वायू अडत नाही.

असं झालं तर पहिलं काम बाहेर पडण्याचं. भांड्यावर पाणी ओतायला, बाटली उचलायला थांबू नका. संडासाची खिडकी उघडी असू द्या, घरात येणारं दार ओढून घ्या आणि मोकळ्या हवेत बसा. डोळे चुरचुरत असतील तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धुवा. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल किंवा आधीपासून दमा असेल, तर १०८ला फोन करा. फुप्फुसात पाणी व्हायला कधीकधी काही तास लागतात. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मावशींना एकटं घरी पाठवू नये, त्या दिवशी त्यांच्याकडे लक्ष ठेवावं. वास पूर्ण गेल्यावरच आत जाऊन भरपूर पाणी सोडायचं.

आता थराविषयी. बोअरच्या पाण्याचा पिवळा थर हा क्षारांचा असतो. तो आम्लाने विरघळतो, ब्लीचने नाही. ब्लीच फक्त रंग उडवतं आणि जंतू मारतं. म्हणजे मावशींनी टाकलेल्या पावडरीचा त्या थरावर काहीच उपयोग नव्हता. भांड्यातलं पाणी ब्रशने आत ढकला, कडेच्या आतून क्लीनर सोडा, वीस मिनिटं थांबा, घासा आणि दोन-तीनदा फ्लश करा. थर जाड असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच. जंतुनाशक म्हणून ब्लीच हवंच असेल तर तेही दुसऱ्या दिवशी, भांडं स्वच्छ धुतलेलं असताना.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. एकाच कंपनीच्या सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एकीत आम्ल, दुसरीत ब्लीच असू शकतं. रंगावर जाऊ नका, मागचं बारीक अक्षर वाचा. मावशींना ते वाचता येत नसेल तर बाटलीवर मार्करने मोठी खूण करून द्या आणि कारण नीट समजावून सांगा. धोका त्यांच्याच वाट्याला येतो.

प्रश्न : फरशीला ब्लीच किती घ्यावं? त्यात फिनेल किंवा व्हिनेगर घातलं तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ५ टक्क्यांचं द्रव ब्लीच असेल तर १ लिटर गार पाण्यात २० मिलिलिटर, म्हणजे साधारण चार चहाचे चमचे. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं. गरम पाणी नको, त्याने ब्लीच वाया जातं आणि वाफ नाकात जाते. रोज लागेल तेवढंच कालवा. यात दुसरं काहीही घालायचं नाही. व्हिनेगर आणि लिंबूही आम्लच, त्यांनीही क्लोरीन सुटतो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावणाने क्लोरामाइन हा दुसरा विषारी वायू होतो. लघवीतही अमोनिया असतो, त्यामुळे मुतारीत ब्लीच टाकण्याआधी भरपूर पाणी सोडा.

प्रश्न : सिंक तुंबलं म्हणून ड्रेन पावडर टाकली, तरी पाणी जात नाही. वरून ॲसिड ओतू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नको. त्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. त्यावर ॲसिड पडलं की एवढी उष्णता निघते की द्रव उसळून तोंडावर येतो. कॉस्टिकने डोळा कायमचा जाऊ शकतो. रबरी पंपही आता दाबू नका, त्यानेही तेच पाणी उडेल. नळ बंद ठेवा, मुलांना लांब ठेवा आणि प्लंबरला बोलवा. आत काय टाकलं आहे, हे त्याने पाइप खोलायच्या आधी सांगा.