बाळीवेसमध्ये की बाळीवेशीत?

एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न असा: घरच्या मंगलकार्याची पत्रिका छापताना पत्त्यात ‘बाळीवेसमध्ये’ असे लिहिले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी ते खोडून ‘बाळीवेशीत’ असे केले. छापखान्यातल्या मुलाचे म्हणणे पडले की नावाचे रूप बदलू नये. त्यांनी पुढे असेही विचारले आहे की सोलापुरात बाळीवेस आहे, तुळजापूर वेस आहे, विजापूर वेस आहे, कुंभार वेस आहे, पण यांपैकी कोठेही ये-जा अडवणारे दार नाही. मग या सगळ्या ‘वेशी’ कसल्या?

वडिलांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे, आणि तिचे कारण व्याकरणात जितके आहे तितकेच या शहराच्या रचनेत आहे.

वेस म्हणजे वस्तीत शिरण्याचे दार. जुन्या गावाभोवती कूस, म्हणजे मातीची किंवा दगडाची भिंत असे, आणि त्या गावकुसात ये-जा करण्यासाठी ठेवलेली वाट म्हणजे वेस. दिवस मावळला की ती बंद होई आणि उजाडल्यावर उघडे. हे राखणीचे काम वतनाने ज्याच्याकडे असे तो वेसकर. वेशीला लागूनच बहुधा मारुती असतो. वेस आणि शीव या दोन शब्दांची अलीकडे फार सरमिसळ होते, म्हणून त्यांतला फरक येथेच सांगतो. शीव ही गावच्या जमिनीची हद्द, जिच्या आत सारे शिवार येते. वेस ही घरांच्या वस्तीची हद्द. सोलापूरहून तुळजापूरकडे पायी निघालेला माणूस आधी वेस ओलांडी आणि शेतेभाते मागे टाकल्यावर मग शीव. बातम्यांत ‘जिल्ह्याच्या वेशीवर’ असे सर्रास लिहिले जाते, पण जिल्ह्याला कूस नसते. तेथे ‘सीमेवर’ किंवा ‘हद्दीवर’ हाच शब्द शोभतो.

आता सोलापूरच्या वेशींविषयी. जुन्या शहराला सुमारे अडीच मैल घेराचा तट होता. १८६० मध्ये येथे रेल्वे आली, वस्ती वाढू लागली आणि तटाच्या आत जागा पुरेनाशी झाली. तेव्हा १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने पूर्वेचा तट पूर्णपणे आणि नैर्ऋत्येचा व उत्तरेचा काही भाग पाडून टाकला. तट गेला, परंतु ज्या वाटांनी माणसे शतकानुशतके शहरात येत होती त्या वाटा मोडल्या नाहीत, आणि लोकांच्या तोंडी त्या ठिकाणांना वेस हेच नाव राहिले. तुळजापूर वेस आणि विजापूर वेस ही नावे वाट कोठे जाते ते सांगतात. कुंभार वेस हे नाव आसपास राहणाऱ्यांचा धंदा सांगते. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक हिरेहब्बू वाड्यातून निघते, तेव्हा ती विजापूर वेशीवरून पंचकट्ट्याकडे आणि तेथून मंदिराकडे जाते. त्या गर्दीत उभे राहिले म्हणजे दार नसतानाही आपण वस्तीच्या आतून बाहेर पडत आहोत हे स्पष्ट जाणवते. उत्तर कसब्यातले जुने वाडे मागे राहतात आणि तलावाकडची मोकळी हवा अंगावर येते.

हा शब्द सोलापूरपुरता नाही. नगरला माळीवाडा वेस आहे, मात्र त्याच नगरात दिल्ली दरवाजाही आहे. मराठवाड्यात जुन्या औरंगाबादला भडकल, पैठण, दिल्ली असे सारे दरवाजेच आहेत. आपल्या दक्षिणेला, विजापूरकडे, याच अर्थाने कानडीत ‘अगसी’ म्हणतात. सोलापुरात मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच गल्लीत नांदतात, तरी या चौकांची नावे ‘वेस’ याच शब्दाने रूढ झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता रूपाकडे वळू. शेवटी स्वर न उच्चारला जाणाऱ्या स्त्रीलिंगी नामांचे मराठीत दोन गट पडतात, आणि कोणते नाम कोणत्या गटातले हे त्याच्या अनेकवचनावरून कळते. पेठ–पेठा, म्हणून पेठेत. वाट–वाटा, म्हणून वाटेत. याउलट भिंत–भिंती, म्हणून भिंतीत. विहीर–विहिरी, म्हणून विहिरीत. वेस या दुसऱ्या गटातली आहे. या गटातल्या शब्दाच्या शेवटी ‘स’ असेल तर पुढच्या ‘ई’मुळे त्याचा ‘श’ होतो: म्हैस–म्हशी, कूस (अंगाची बाजू, गावाची भिंत नव्हे)–कुशी, मूस–मुशी, रास–राशी, आणि तसेच वेस–वेशी. ‘नस’ पहिल्या गटातली, म्हणून तिचे ‘नसा’, ‘नसेत’ होते आणि ‘स’ जसाच्या तसा राहतो. जो माणूस ‘म्हैसला पाणी पाज’ असे कधी म्हणणार नाही, त्याने ‘वेसला उतरा’ असे म्हणण्याचे कारण नाही. अब्रू ‘वेशीवर’ टांगली जाते, ‘वेसवर’ नव्हे, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. पोशाख या अर्थाचा ‘वेश’ मात्र पुल्लिंगी आणि निराळा. त्याचे ‘वेशात’ होते.

नाव विशेषनाम झाले म्हणून रूप बदलू नये, हे छापखान्यातल्या मुलाचे म्हणणे मराठीच्या रीतीला धरून नाही. पुणे–पुण्यात, सातारा–साताऱ्यात, बार्शी–बार्शीत आणि स्वतः सोलापूर–सोलापुरात, अशी गावांची नावे विभक्ती स्वीकारतातच. ‘सोलापूरात’ असा दीर्घ ऊकार फलकांवर दिसतो तो चुकीचाच आहे.

काही दिवसांपूर्वी चाटी गल्लीत (चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, गल्ली आजही त्याच मालाची आहे) एका दुकानाच्या बाकावर बसलेल्या आजी फोनवर सांगत होत्या, ‘बाळीयेशीत हाय मी, येते अर्ध्या तासात.’ शेजारी साडीची घडी उलगडून काठ पाहणारी नात म्हणाली, ‘आजी, बाळीवेसला म्हण ना.’ आजींचा ‘ये’ हा आपल्याकडच्या बोलीचा उच्चार आहे. वेळेची येळ आणि वेड्याचा येडा होतो, वेसकराचा येसकर होतो, तशीच वेशीची येस. पण त्यांनी ‘स’चा ‘श’ अचूक केला होता, आणि शाळेत शिकलेल्या नातीकडून तोच सुटला होता. आजींना मी तेथेच सांगितले की त्यांचे बरोबर आहे.

तेव्हा पत्रिकेत नुसता पत्ता द्यायचा असेल तर ‘बाळीवेस, सोलापूर’ असे मूळ नाव पुरेसे आहे. वाक्य लिहायचे असेल तर ‘बाळीवेशीतील आमच्या राहत्या घरी’, ‘बाळीवेशीजवळ’, ‘बाळीवेशीपासून’ असे लिहावे. कार्यालय नव्या पेठेत असेल, तर तेथेही ‘नवी पेठमध्ये’ न लिहिता ‘नव्या पेठेत’ लिहावे. बोलताना आपण सगळेच ‘नवी पेठेत’ म्हणतो आणि बोलण्यात ते खटकत नाही, पण छापील मजकुरात विशेषणालाही त्याचे सामान्यरूप द्यावे.