विदर्भातल्या खेड्यातून तंत्रज्ञान धोरण, माध्यमस्वातंत्र्य, मानवी हक्क यांत करिअर होतं का? वकिली केलेलीच असावी लागते का?

होतं. वकिलीवाचून अडत नाही. मी आर्णी तालुक्यातला, बी.ए., आधी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. आता दिल्लीतल्या एका संस्थेसाठी आधार आणि रेशनवर टिपणं लिहितो.

वार्ताहर होतो तेव्हा गावातल्या एका आजीचा रेशनच्या मशीनवर थम लागेना. जन्मभर कापूस वेचलेली बोटं, रेषा उरणार कुठून? दुकानदार बोट पदराला पुसायला लावायचा, पुन्हा ठेवायला लावायचा, शेवटी ‘पुढच्या महिन्यात ये’. मी बातमी पाठवली. संपादकांचा फोन : “मशीनचा प्रॉब्लेम आहे, यात बातमी काय?” खरं कारण वेगळं. त्याच दुकानदाराची पंधरा ऑगस्टच्या पुरवणीत जाहिरात होती. तालुक्याच्या वार्ताहराला पगार कुठला, जाहिरातीचं कमिशन! माध्यमस्वातंत्र्यावर चर्चासत्रं घेणाऱ्यांना एवढं कळलं तरी पुष्कळ.

बरं, मशीनचा प्रॉब्लेम. केंद्राच्या अन्न विभागाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र आहे : अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही. ते घेऊन मी तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलो. बाबूनं दोनदा वाचलं, झेरॉक्स ठेवून घेतली. आजीला गहू-तांदूळ मिळाले. “मले वाटलं माहाच अंगठा मेला,” म्हणे. मशीन बिघडणारच हो. त्यापायी उपाशी कोणी राहायचं, हे कुणीतरी ठरवतं आणि त्यालाच धोरण म्हणतात. संपादकांना हे अजून पटलेलं नाही.

तेव्हा डिग्र्यांचं नंतर बघा. खासगीपणाच्या हक्कावरचा पुट्टस्वामी (२०१७) आणि इंटरनेटबंदीवरचा अनुराधा भसीन (२०२०) हे सुप्रीम कोर्टाचे निकाल इंग्रजीतूनच वाचा. माहिती अधिकाराचे अर्ज टाका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(ञ) हे कलम पार आवळलंय, ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज परत पाठवणं सोपं झालंय. त्यामुळे अपील लिहायलाही शिका. डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या दिल्लीच्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनची टिपणं वाचत जा. आणि बातमीपेक्षा जाहिरात आधी मागणाऱ्याच्या हाताखाली राहू नका, तो कितीही ज्येष्ठ असो.

हां, कोर्टात वकील म्हणून उभं राहायचं असेल तर एलएल.बी. लागतेच. आणि या कामात फेलोशिप, म्हणजे ठरावीक मुदतीचं मानधन, मिळाली तरी ती संपली की पुढचं काही ठरलेलं नसतं. घरी पीककर्ज थकलेलं असेल तर आधी पगाराचं काही धरा, अर्ज रात्रीही लिहिता येतात.