घरात लावलेली बेसिलची रोपे काडीसारखी लांबतात, काय करावे?

प्रश्न (मावळ तालुक्यातील एक महिला शेतकरी): पावसाची झड लागल्यामुळे घरातच ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये बेसिल आणि पार्सली पेरली. निम्मा ट्रे बेसिल, निम्मा पार्सली. पार्सली उगवेना म्हणून वरचा प्लास्टिक कागद नवव्या दिवशी काढला, तर बेसिलची रोपे पांढुरकी, दोऱ्यासारखी होऊन लोळलेली. आता ट्रे खिडकीत ठेवला आहे. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत) फवारू का?

उत्तर: ताई, खत आत्ता अजिबात नको. या अवस्थेत नत्र दिले तर काडी आणखी लुसलुशीत होईल आणि रोपे कोलमडतील. तुमचे बी चांगले होते, कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठीक दिसते. घोटाळा झाला तो एका ट्रेमध्ये दोन पिके पेरल्याने. बेसिल साधारण ५ ते ७ दिवसांत उगवते, पार्सलीला २ ते ४ आठवडे लागतात. अंधारात उगवलेले रोप बियातला सगळा साठा उजेड शोधण्यात घालवते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कोकोपीटपासून बीजपत्रांपर्यंतची (बियातून निघणारी पहिली दोन पाने) काडी दोन बोटे लांब दिसते, ती त्या बंद कागदाखालीच वाढली. पुढच्या वेळी ट्रे वेगळे करा आणि चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून बघा. चार-दोन कोंब दिसले की त्याच दिवशी कागद काढायचा, सगळे उगवायची वाट बघायची नाही.

आषाढातला खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना पुरतो, रोपाला पुरत नाही. दुपारी ट्रेवर हात धरा. सावली स्पष्ट पडली नाही तर उजेड कमी आहे असे समजा. साध्या पांढऱ्या २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब पानांपासून १० ते १५ सेंटीमीटरवर, म्हणजे वितीच्या आत टांगा. रोज १४ तास चालू, रात्री बंद. रोपे वाढतील तशा ट्यूब वर घ्या. पाणी सकाळी, कोकोपीटचा वरचा थर सुकल्यावरच. दिवसातून दोनदा शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवा. वाऱ्याने हलल्यासारखे होऊन काडी जाड होते.

लोळलेले बेसिल टाकून देऊ नका. खऱ्या पानांची पहिली जोडी आली की मोठ्या पिशवीत बीजपत्रांपर्यंत खोल लावा, मातीत गेलेल्या काडीला मुळ्या फुटतात. पार्सलीला मात्र हे चालत नाही, तिचा गाभा, म्हणजे पाने फुटतात ती जागा, मातीखाली गेला की कुजतो.

काही रोपवाटिकांत उंची रोखायला वाढनियंत्रक फवारतात. ज्याचे पान थेट ताटात जाते, त्या पिकावर ते फवारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्या ट्रेमधले पार्सलीचे कप्पे ओलसर राहू द्या. तिचे दिवस अजून भरलेले नाहीत.