बाबागाडी ढकलताना पावलं जातात कुठे?

प्रश्न : मी निवृत्त आहे. रोज संध्याकाळी नातीला बाबागाडीत घालून तासभर फिरवतो. घरी येऊन पाहावं तर मनगटावरचा फिटनेस बँड जेमतेम शे-दोनशे पावलं दाखवतो. तोच बँड हिने भांडी घासताना घातला, तर जागच्या जागी पावलं वाढली! अशाने माझी १०,००० कधी व्हायची? आणि त्यातल्या कॅलरी बघून दोन घास जास्त खाल्ले तर चालतील का?

उत्तर : काका, बँड बिघडलेला नाही. त्याला तुमचे पाय दिसतच नाहीत. आतला ॲक्सिलरोमीटर मनगटाचे हेलकावे टिपतो आणि त्यांची लय चालण्यासारखी वाटली की एक पाऊल मांडतो. बाबागाडीच्या दांड्यावर हात रोवले की हेलकावा संपला, पावलंही संपली. भांडी घासताना हात तालात चालतो, म्हणून काकूंच्या खात्यात फुकटची जमा! एक हात सोडून गाडी ढकला असं मी सांगणार नाही, आत नात बसली आहे. फोन पँटच्या खिशात ठेवा आणि तेवढ्या वेळापुरती त्याची मोजणी धरा.

राहिले १०,०००. हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र याच आकड्याच्या नावाने विकायला काढलं, आणि तो जगाच्या मानगुटीवर बसला. वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. ७,५०० च्या पुढे फरक जवळपास थांबला. जागतिक आरोग्य संघटना तर मिनिटं मोजते : आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा वेग असला तर तुमचं काम चोख चाललंय.

कॅलरींच्या भरवशावर मात्र एक घासही नको. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ मधल्या चाचणीत सातपैकी सहा उपकरणांनी हृदयाचे ठोके बऱ्यापैकी बरोबर मोजले. कॅलरींत सगळ्यांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. ठोके बँड खरोखर टिपतो : हिरवा प्रकाश कातडीत सोडायचा आणि रक्त तो किती शोषतं ते पाहायचं. कॅलरी म्हणजे वय, वजन, उंची घालून बांधलेला अंदाज. ठोक्यांचा आकडाही पट्टा सैल असला की भरकटतो, तेव्हा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधा. वळ उठेल इतका आवळू नका.